काळा ठेवा नाहीतर बदला, पण न्यायमूर्तींचा गाऊन आधी नीट शिवून घ्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार,

तुमच्या वाचकपत्रांत गेले काही दिवस कोर्टातल्या काळ्या गाऊनवरनं जे चाललंय ते रोज वाचतेय. एक जण म्हणतो ही इंग्रजांची गुलामी आहे, फेकून द्या. दुसरा म्हणतो परंपरा आहे, हात लावू नका. तिसऱ्यांनी तर पैठणीचा काठ लावायची आयडिया दिलीय. सगळी पत्रं रंगावर, कापड कुठलं, शिवणार कोण, तो घालून दिवसभर बसणाऱ्या माणसाच्या खांद्याचं काय होतं यावर एक ओळ नाही. मी कोल्हापुरात गाऊन शिवते, दुकान सासऱ्यांचं, आता मी आणि दोन कारागीर बघतो, म्हणून म्हटलं आपणपण चार शब्द लिहावेत. लांबलं तर बिनधास्त कापा, कापण्याचं आम्हाला काही वाटत नाही.

मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं आणि आमच्या धंद्याचं गणितच बदललं. १७ ऑगस्ट २०२५ला तेव्हाचे सरन्यायाधीश गवई साहेबांच्या हस्ते उद्घाटन झालं, १८ पासून सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टात कामकाज सुरू. बार कौन्सिलचा नियम असा की खालच्या कोर्टात वकिलांना गाऊन ऐच्छिक, पण हायकोर्टात आणि सुप्रीम कोर्टात घालायलाच लागतो. म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या ज्या वकील मंडळींनी सनद घेतल्यापासून गाऊन कपाटात घडी घालून ठेवला होता किंवा घेतलाच नव्हता, त्यांना सगळ्यांना एकदमच तो लागायला लागला. चाळीसेक वर्षं बेंचसाठी आंदोलनं केली, पण बेंच आल्यावर अंगावर काय घालायचं याची तयारी कुणाचीच नव्हती, आमचीसुद्धा नव्हती म्हणा. मग काय, प्लॅस्टिकच्या पिशवीतले रेडीमेड गाऊन आले, हजाराच्या आत, तीन साईज, पॉलिस्टर, उन्हात चमकतात आणि अंगाला चिकटतात. वकिलांना दोष देत नाही मी, घाई होती.

पण हे पत्र वकिलांच्या गाऊनबद्दल नाही, न्यायमूर्तींच्या आहे. न्यायमूर्ती आपापले गाऊन घेऊनच आले, त्यामुळे आमच्याकडं ते येतात दुरुस्तीला, आणि दुरुस्तीला आलेला कपडा खोटं बोलत नाही. मध्यंतरी एक आला, शिपाई घेऊन आला होता, कुणाचा ते काही मी लिहिणार नाही आणि शिवला कुणी तेही नाही. डावा मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, उसवलेला. उलटा करून टेबलावर पसरला तर आत सगळं उघडं पडलं. योकला, म्हणजे खांद्यावरच्या पट्टीला, ताठपणासाठी चिकटवलेला पेपर कॅनव्हास, दोन-चार धुण्यांत त्याला फुगे आलेले. शिवणीला दाब, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, जेमतेम पाव इंच, त्यावर ओव्हरलॉक मारलेलं, म्हणजे सैल करायचा म्हटलं तरी आत कापडच नाही. आणि पाठीमागच्या चुण्या, जो गाऊनचा खरा जीव, त्या मशीनवर ओढून सपाट दाबलेल्या. मुंढा का उसवला तर बाही खुर्चीच्या हातात अडकली आणि साहेब उठले, एवढंच. कापडाचा दोष नाही, घालणाऱ्याचा तर नाहीच, माप ज्या माणसाचं घेतलं तो उभा होता आणि गाऊन घालून बसणारा माणूस बसलेला असतो, तिथं सगळं बिघडलं.

हे जरा सविस्तर सांगते कारण कुणी सांगत नाही. वकील उभा राहून बोलतो, न्यायमूर्ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून ऐकतात आणि लिहितात. वकिलाचा गाऊन उभ्या मापाचा चालतो. न्यायमूर्तींचं माप बसवून घ्यायला पाहिजे, हात टेबलावर ठेवून, पेन धरून. तसं घेतलं की लगेच कळतं, बाही पुढून दोनेक इंच तोकडी आणि मागून लांब पाहिजे, नाहीतर सगळी कागदावर लोळते. खालचा घेर खुर्चीच्या चाकात जाणार नाही इतका वर पाहिजे पण उभं राहिल्यावर आखूड दिसता कामा नये. पण माप घ्यायला आम्हाला आत सोडतो कोण? शिपाई जुना गाऊन आणून देतो, "याच्यासारखाच शिवा", झालं. मग जुन्याच्या चुका नव्यात, नव्याच्या त्याच्या पुढच्यात.

आता चुण्यांचं. पाठीमागं दीड-पावणेदोन मीटरचा घेर पंधरा-सोळा इंचाच्या योकमध्ये बसवायचा असतो. हातानं करायचं तर आधी खडूनं खुणा, मग एकाखाली एक धावदोऱ्याच्या तीन ओळी, तिन्ही ओळींतला टाका अगदी एकसारखा आणि बरोबर एकाखाली एक, मग तिन्ही दोरे एकदम हळूहळू ओढायचे. टाका चुकला नसेल तर सगळ्या चुण्या नळीसारख्या गोल उभ्या राहतात, आणि मग त्यातली प्रत्येक चुणी योकला हातानं एक-एक टाका घालून बसवायची. यात दिवसातला निम्मा वेळ जातो आणि डोळे जातात ते वेगळंच. मशीनवर दहा मिनिटांत होतं. बघणाऱ्याला फरक काय दिसतो म्हणाल तर हातच्या चुण्यांचा गाऊन पाठीवरनं सरळ खाली पडतो, चालताना मागं हलतो आणि थांबला की परत जागेवर येतो, मशीनचा पाठीवर फुगतो. लंडनला ज्या एडे अँड रेव्हन्सक्रॉफ्ट दुकानात १६८९पासून गाऊन शिवतायत त्यांचे व्हिडिओ मी यूट्यूबवर बघत बसते, पोरं हसतात मला, पण बघा तुम्हीपण.

एक अडचण मात्र हातच्या चुण्यांतून येते हेही सांगायला पाहिजे. सगळं वजन मागं गेलं की गाऊन खांद्यावरनं मागं घसरतो. कोर्टात बघा, दर पाच मिनिटांनी हात खांद्याकडं जातो, गाऊन पुढं ओढायचा, परत घसरतो. यावर उपाय म्हणजे खांद्याची शिवण जरा पुढं घ्यायची, पुढच्या पट्टीत जड कॅनव्हास घालायचा म्हणजे वजन पुढं येतं, आणि आतून एक लूप लावायचा जो कोटाच्या बटणात अडकतो. पुरुषांचं भागलं. बाईमाणसानं काय करायचं, साडीवर गाऊन, आत कोट नसला तर बटण कुठलं, आणि वर खांद्यावर पदर. सुजाता मनोहर १९७८ साली मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या, तेव्हापासून किती जणी आल्या, पण गाऊनचा तीरा, म्हणजे खांद्याचं माप, अजून पुरुषाचाच. मी ब्लाउजच्या खांद्याला आतून एक बारीक पट्टी आणि प्रेस बटण लावून देते, पदर त्याच्यावरनं जातो, घसरत नाही. ही काही मोठी विद्या नाही, फक्त कुणीतरी विचारायला पाहिजे होतं.

आता गुलामी आणि परंपरेवर. काळा गाऊन इंग्लंडचा हे खरंच आहे, तो तिथं राजघराण्यातल्या सुतकात सुरू झाला आणि सुतक कधी फिटलंच नाही असं सांगतात, कुणी १६८५ म्हणतं कुणी त्यानंतरचं. असेल. पण त्याच इंग्रजी अमलात न्यायमूर्ती तेलंग गेल्यावर १८९३ला रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, त्यांची चित्रं आठवा, डोक्यावर पगडी. (त्याआधी ते आपल्या कोल्हापूर संस्थानातसुद्धा न्यायाधीश होते, हे आपल्याकडं फार जणांना माहीत नसतं.) गोऱ्यांच्या राज्यात पगडी चालत होती आणि स्वतंत्र देशात आपण एक बाही बदलायची म्हटलं तरी कमिटी बसवायची भाषा करतो. बरं, २०२४च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टात न्यायदेवतेचा नवा पुतळा आला, डोळ्यांवरची पट्टी गेली, तलवारीच्या जागी संविधान आलं, अंगावर साडी आली. चांगलं झालं. पण पुतळ्याच्या कपड्यांचा विचार झाला आणि आत बसणाऱ्या जित्या माणसांच्या कपड्यांचा राहिला, याची मला जरा गंमतच वाटते.

बाहेरच्या देशांनी काय केलं ते सांगते, नक्कल करा म्हणून नाही, तर त्यांनी ते कुणाकडून करून घेतलं ते बघा म्हणून. जर्मनीत कार्ल्सरूह गावात त्यांचं घटनेचं कोर्ट आहे, १९५१चं. सुरुवातीला त्यांचा स्वतःचा असा झगा नव्हता. साठच्या दशकात ठरलं की आपलं कोर्ट वेगळं तर झगाही वेगळा पाहिजे, आणि त्यांनी ते काम दिलं कुणाला तर गावातल्या सरकारी थिएटरच्या कपडेपटाला! त्या लोकांनी जुन्या इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या न्यायाधीशांचे झगे बघितले आणि लालभडक झगा आणि गळ्याशी पांढरी झालर असा वेष काढला, १९६३पासून तोच चालू आहे, जर्मनीत तो रंग बघितला की पोरालाही कळतं कुठलं कोर्ट. माझं मत विचाराल तर यापेक्षा शहाणा निर्णय कुणी घेतलेला नाही. नाटकाच्या कपडेपटवाल्याला माहीत असतं की लांबून कपडा कसा दिसतो, दिव्याखाली कसा दिसतो, आणि पटकन चढवता-उतरवता आला पाहिजे. कायद्याच्या माणसाला यातलं काही माहीत असायचं कारण नाही.

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद गेला, १९९५ला नवं घटनेचं कोर्ट बसलं, त्यांनी हिरवा झगा घेतला. रंग बदलायला त्यांच्याकडं तेवढं मोठं कारण होतं. इंग्लंडमध्ये २००८ला दिवाणी कोर्टांसाठी बेटी जॅक्सन या फॅशन डिझायनर बाईंनी नवा झगा केला, गडद निळा, गळ्याजवळ रंगीत पट्ट्या, कुठल्या पातळीचे न्यायाधीश ते पट्टीवरनं कळतं, आणि दिवाणीतले विग गेले. लोकांनी चेष्टा केली, अंतराळातल्या सिनेमाचा ड्रेस म्हणाले. मलाही तो फारसा आवडत नाही, पट्ट्या नंतर चिकटवल्यासारख्या दिसतात. पण घालायला हलका आहे.

मला जे सांगायचंय ते इंग्लंडच्याच पुढच्या गोष्टीत आहे. २००९च्या ऑक्टोबरात त्यांचं नवीन सुप्रीम कोर्ट सुरू झालं. त्यांनी काय केलं, समारंभासाठी एक झगा केला, काळ्या रेशमी डमास्कचा, सोनेरी लेस आणि सोनेरी गोंड्यांचा, त्याच एडे अँड रेव्हन्सक्रॉफ्टकडून, आणि रोजच्या कामाला काय तर काहीच नाही, न्यायमूर्ती साध्या सूटमध्ये बसतात. ज्यांच्याकडनं आपण गाऊन उचलला त्यांच्या सगळ्यात वरच्या कोर्टात रोज गाऊन नाही! समारंभाला असा घालतात की डोळे दिपतात, आणि रोज घालत नाहीत. आपण नेमकं उलटं धरून बसलोय, शपथविधीलाही तोच, मंगळवारच्या कामकाजालाही तोच, एप्रिलच्या उकाड्यातही तोच, त्यामुळे धड समारंभाचा थाट नाही आणि धड रोजची सोय नाही. २०२०च्या मे महिन्यात कोरोनात सुप्रीम कोर्टानंच व्हिडिओवरच्या सुनावणीला कोट-गाऊन नको, पांढरा शर्ट किंवा साडी आणि गळ्याचा पांढरा बँड पुरे असं सांगितलं होतं. तेव्हा न्याय काही कमी पडला असं कुणी म्हणालेलं मी ऐकलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, दोन करा. रोजचा हलका, साधा, धुता येणारा. आणि समारंभाचा वेगळा, एकच पण असा की न्यायमूर्ती रिटायर होईपर्यंत टिकेल आणि पुढं त्यांच्या घरात जपला जाईल.

रोजच्याला कापड इचलकरंजीचं घ्या ना. १९०४ला तिथं विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून आख्खं गाव कापडावर जगतं, आणि गाव आपल्याच बेंचच्या हद्दीत. सुती किंवा सुती-मिक्स, ५८ इंच पन्हा म्हणजे रुंदी, एका गाऊनला साडेतीन-चार मीटर लागतं. फक्त काळ्या रंगाकडं लक्ष द्या. सुती काळं स्वस्तात रंगवायचं तर सल्फर ब्लॅक वापरतात, नीट धुऊन काढलं नाही तर कपाटात ठेवल्या-ठेवल्या कापड कुजतं, बोटानं ओढलं की फाटतं, आणि उन्हानं तांबूस पडतं ते वेगळंच. दोन पैसे जास्त द्या आणि चांगला पक्का रंग घ्या. आमच्याकडं पावसाळ्यात तीन महिने काही वाळत नाही, गाऊनच्या खांद्यावर पांढरी बुरशी येते, पॉलिस्टरवर कमी येते म्हणून लोक ते घेतात, त्यांचंही चूक नाही. म्हणूनच रोजचे दोन असावेत आणि हलके असावेत.

समारंभाच्या गाऊनला पैठणीचा काठ लावा म्हणणाऱ्यांना हात जोडून विनंती, नको. काठातली जरतार बाहीला घासून निघते, काळी पडते, फायलीच्या दोऱ्यात अडकते, आणि मुख्य म्हणजे शपथविधीला न्यायमूर्ती कमी आणि नवरदेव जास्त दिसतील. काठ लावला की मराठी झालं हे आपल्याकडं फार सोपं करून ठेवलंय. पैठणीवाल्या विणकरांना काम द्यायचंच असेल तर दुसरी शंभर कामं आहेत. त्यापेक्षा लंडनवाल्यांचं डमास्क म्हणजे काय ते समजून घ्या, काळ्यावर काळी नक्षी, विणतानाच घातलेली, समोरून साधं काळं दिसतं आणि उजेड तिरका पडला की नक्षी उठते. हे जॅकार्डवर, म्हणजे विणतानाच नक्षी उठवणाऱ्या मागावर होतं, आणि जॅकार्ड सोलापूरला चादरीवाल्यांकडं पिढ्यान्‌पिढ्या आहे. सोलापूरही आपल्या बेंचमध्येच. रेशीम घेतलं तर उत्तमच. नक्षी कसली ते मी सांगणार नाही, ते माझं काम नव्हे, कोल्हापुरात चित्रकलेची कॉलेजं आहेत, पोरांकडनं डिझाइन मागवा, आणि कपडेपटाची माणसं तर या गावात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासूनची आहेत, अजून काही घरांत ड्रेपरीचं काम चालतं. जर्मनीनं थिएटरवाल्यांना विचारलं, आपण सिनेमावाल्यांना विचारायला काय हरकत आहे? शाहू महाराजांनी १९०६ला इथं कापडाची मिल काढली होती, ती बंद पडली, निदान तिच्या गावात हायकोर्टाचा गाऊन तरी बाहेरून पिशवीत येऊ नये.

रंग काळाच ठेवावा असं मला वाटतं, हे पारंपरिक म्हणून नाही. काळ्यावर शिवणीचं काम दिसतं, चूकही दिसते, कारागिराला लपायला जागा नसते. पण उद्या बदलायचा ठरला तर बदला, आम्ही तोही शिवू.

शेवटी एक व्यवहाराचं, आणि हे छापलं नाही तरी ज्यांच्यापर्यंत पोचायचं त्यांच्यापर्यंत पोचवा. उद्या शेंडा पार्कात बेंचची कायमची इमारत होईल, तिथं खुर्च्या-पडद्यांसारखंच गाऊनचंही टेंडर निघेल आणि सगळ्यात कमी रेटवाल्याला जाईल. ते टाळता येत नसेल तर निदान कापड आणि शिलाई वेगवेगळी काढा, नाहीतर ठेकेदार पहिल्यांदा शिलाईत मारतो. नमुन्याचा एक गाऊन मागवा आणि तो बाहेरून नाही, उलटा करून बघा, दाब निदान एक इंच आहे का, योकमध्ये शिवलेला कॅनव्हास आहे का चिकटवलेला, चुण्या हातच्या आहेत का. बघायला कुठल्याही जुन्या शिंप्याला बोलवा, दोन मिनिटांत सांगेल. आणि माप बसवून घेऊ द्या. अर्धा तास लागतो, कोर्टाची सुट्टी असेल त्या दिवशी आम्ही येऊ, टेप आणि खडू आमचा, खुर्ची मात्र त्यांची रोजचीच पाहिजे.

आपली,
गाऊन शिवणारी एक वाचक
कोल्हापूर